वीस लाखांच्या जेवणाचा हिशेब

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा निकाह झाला. आठशे माणसांचं जेवण होतं. मंडपाच्या मागे, चुलींच्या धगीपासून जरा बाजूला, माझे मामू प्लास्टिकच्या खुर्चीवर वही घेऊन बसले होते. तांदूळ किती, गोश्त किती, कांदा किती, लाकूड किती, पाण्याचा टँकर किती वाजता, वाढायला मुलं किती, एका पंगतीला वेळ किती, सगळं त्या वहीत. एका देगेत शंभर माणसं होतात, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा अंदाज. म्हणजे आठ देगा. पण वहीत नऊ लिहिलेल्या होत्या. मी विचारलं, "मामू, नववी कशाला?" म्हणाले, "बेटा, गावाकडच्या बसमधून किती उतरतील ते दावतनाम्यात लिहिलेलं नसतं."

जेवणं छान झाली. लोकांनी आचाऱ्याची तारीफ केली, मंडपाची केली, दुल्ह्याच्या शेरवानीची केली. वहीची तारीफ कुणी केली नाही. रात्री साडेअकराला मी ताट घेऊन मामूंकडे गेले. त्यांनी ताटाकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "आधी सांग, शेवटच्या पंगतीला पुरलं ना?"

वाचकहो, मामूंचा हा प्रश्न लक्षात ठेवा. आज मी तुम्हाला अशाच एका वहीवाल्या माणसाची गोष्ट सांगणार आहे. तो लष्करासाठी काम करत होता, पण त्याच्या अंगावर वर्दी नव्हती. त्याच्यासमोरचे हिशेब आठशे माणसांचे नव्हते. त्यातला एक हिशेब वीस लाख माणसांच्या जेवणाचा होता, आणि ते जेवण विमानाने न्यायचं होतं.

वेढ्यात अडकलेलं शहर

आधी ते शहर समजून घेऊ. दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं. हरलेल्या जर्मनीचे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया यांनी चार भाग करून ताबा घेतला. राजधानी बर्लिनचेही असेच चार भाग झाले. अडचण अशी, की बर्लिन होतं रशियाच्या ताब्यातल्या मुलखात, पार आत. चारी बाजूंनी रशियन फौज आणि मध्ये हे शहर.

जून १९४८ मध्ये पश्चिमेकडच्या तिघांनी आपल्या भागात नवं चलन आणलं. त्यावरून वाद पेटला. २४ जूनला रशियाने बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. पश्चिम बर्लिनमधली वीस लाखांहून जास्त माणसं अडकली. शहरात धान्य होतं सुमारे पाच आठवड्यांचं, कोळसा साधारण दीड महिन्याचा.

एक वाट मात्र उघडी होती. बर्लिनला जाण्यासाठी आकाशात तीन पट्टे ठरलेले होते, प्रत्येकी सुमारे ३२ किलोमीटर रुंद. त्यांचा करार १९४५ मध्येच लेखी झाला होता. २६ जूनला पहिली विमानं निघाली. त्या दिवशी सुमारे ८० टन माल पोहोचला. वीस लाखांच्या शहराला ८० टन म्हणजे माणशी मूठभरसुद्धा नाही.

मग टेबलावर बसलेल्या माणसांनी यादी केली. रोज १,५३४ टन अन्न लागेल. त्यात ६४६ टन गहू आणि पीठ, १०९ टन मांस-मासळी, १८० टन सुके बटाटे, १८० टन साखर, ३८ टन मीठ, अगदी पाव फुगवायचं यीस्टसुद्धा ३ टन. आणि अन्नापेक्षा दुपटीहून जास्त, ३,४७५ टन कोळसा आणि इंधन. बर्लिनची थंडी कडक. शिवाय पीठ नेलं तरी भट्टीला कोळसा हवाच.

परवा आमचे गणिताचे सर रजेवर होते आणि नववीचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू आणि मराठी शिकवते, गणिताशी माझं नातं भाजीच्या हिशेबापुरतं. तरी हे आकडे फळ्यावर लिहिले. म्हटलं, मुलींनो, रोज साधारण ५,००० टन न्यायचे आहेत. लहान विमानात साडेतीन टन मावतात, मोठ्यात दहा. दिवसाचे मिनिटं १,४४०. सांगा, किती मिनिटाला एक विमान उतरलं पाहिजे?

वर्ग शांत. मग शेवटच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, लहान विमानं असतील तर मिनिटाला एक. मोठी असतील तर तीन मिनिटाला एक."

बरोबर उत्तर. आणि बर्लिनच्या आकाशात पुढे नेमकं तेच झालं. मोठी विमानं आणली गेली आणि गर्दीच्या काळात तीन-तीन मिनिटांच्या अंतराने ती उतरू लागली.

उत्तर देणारी मुलगी कोण होती, ते शेवटी सांगते.

पावात पाणी असतं

विमानात जागा कमी आणि वजन महाग. तेव्हा प्रत्येक वस्तूकडे नव्या नजरेने पाहावं लागलं. भाजलेल्या पावात साधारण तिसरा हिस्सा पाणी असतं. मग पाव कशाला न्यायचा? पीठ न्या, पाव बर्लिनमध्ये भाजा. बटाट्यात तर बहुतेक पाणीच, म्हणून बटाटे सुकवून न्या. मांस हाड काढून न्या. पिठाचं पोतं विमानात चढवताना त्यासोबत भट्टीचा कोळसा किती, हेही मोजा.

मिठाची तर गंमतच. मिठाने विमानाचा धातू आणि तारा गंजतात. म्हणून मीठ समुद्री विमानांनी नेलं. ही विमानं पाण्यावर उतरणारी, खाऱ्या पाण्यापासून जपलेल्या बांध्याची. ती बर्लिनच्या हाफेल नावाच्या तळ्यासारख्या नदीवर उतरत. हिवाळ्यात पाणी गोठायला लागलं तेव्हा दुसरी सोय करावी लागली. वीजघराची अवजड यंत्रं विमानात मावेनात, तर ती कापून तुकडे नेले आणि पलीकडे पुन्हा जोडले.

या कामाची सूत्रं जुलैच्या अखेरीस विल्यम टनर नावाच्या अमेरिकी अधिकाऱ्याकडे आली. त्याचा धडा भारतात झाला होता. महायुद्धात आसामच्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्वेकडच्या डोंगरांवरून चीनला माल जायचा. १९४४ पासून ते काम टनरने पाहिलं. तिथे त्याने शिकलं, की विमान जमिनीवर उभं असेल तर ते फुकट जातं. बर्लिनमध्ये त्याने वैमानिकांना विमान सोडून उपाहारगृहात जायची मनाई केली, चहा-नाश्त्याची गाडी विमानापाशी पाठवली. तेवढ्यात माल उतरायचा.

१३ ऑगस्ट १९४८ च्या शुक्रवारी पाऊस आणि ढगांमुळे बर्लिनवर विमानांची दाटी झाली. उतरायला वाट मिळेना, विमानं एकावर एक घिरट्या घालत राहिली. त्यात टनर स्वतः अडकला होता. त्यानंतर नियम झाला: उतरायची एकच संधी. चुकली तर मालासकट परत जा आणि रांगेत पुन्हा या. कडक वाटतं, पण एकासाठी थांबलं की मागचे पन्नास अडकतात. आमच्या शाळेतल्या पाण्याच्या टाकीपाशी मधल्या सुट्टीत हेच होतं.

बर्लिनच्या लोकांनीही हात लावला. तेगेल इथे नवी धावपट्टी लागत होती. हजारो माणसांनी, त्यात बायकांची संख्या मोठी, बाँबने पडलेल्या इमारतींच्या मलब्यातून ती तीन महिन्यांत उभी केली. नोव्हेंबरमध्ये तिथे विमान उतरलं.

१२ मे १९४९ ला रशियाने वेढा उठवला. साठा पक्का व्हावा म्हणून विमानं ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहिली. एकूण सुमारे २३ लाख टन माल, पावणेतीन लाखांहून जास्त उड्डाणं. अपघातांत सत्तरहून अधिक माणसं गेली. यात सगळी माणुसकीच होती असं मी म्हणणार नाही. दोन बड्या सत्तांची ती रस्सीखेच होती आणि बर्लिन मध्ये सापडलं होतं. पण पोरांच्या ताटात पाव पडला, हेही खरं.

एअरलिफ्ट हा शब्द आपल्यालाही परका नाही. १९९० मध्ये इराकने कुवैत घेतलं तेव्हा लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानाने मुंबईला आले. त्यात कोकणातली, मुंबईतली आपली किती माणसं होती! आमच्या शेजारचे चाचा त्यांतलेच. ते अजून सांगतात, अम्मानला यादीत स्वतःचं नाव ऐकू आलं तेव्हा उभं राहवेना, खालीच बसलो. त्यांना वैमानिक आठवतो, हवाईसुंदरीने दिलेलं पाणी आठवतं. ती यादी कुणी केली, बस किती आणि विमानातल्या जागा किती हे कुणी जुळवलं, ते त्यांनी कधी पाहिलंच नाही.

वर्दी नसलेला माणूस

आता आपला वहीवाला. नाव जॉर्ज डँट्झिग. जन्म १९१४, अमेरिकेत. वडील गणिताचे प्राध्यापक. तरीही नववीत बीजगणिताशी पहिली गाठ पडली तेव्हा जॉर्जचे मार्क वाईट आले. पुढे भूमितीची गोडी लागली. वडील एकामागून एक भूमितीचे प्रश्न द्यायचे आणि तो सोडवत बसायचा. डोकं तिथे घडलं, असं तो नंतर सांगायचा.

१९३९ मध्ये तो बर्कलीला पुढचं शिक्षण घेत होता. एकदा वर्गात उशिरा पोहोचला. फळ्यावर दोन प्रश्न लिहिलेले होते. गृहपाठ असेल, असं समजून त्याने उतरवून घेतले. नेहमीपेक्षा जरा अवघड वाटले. काही दिवसांनी सोडवून दिले आणि उशीर झाल्याबद्दल सरांची माफीही मागितली. काही आठवड्यांनी एका रविवारी सकाळी सर, म्हणजे प्राध्यापक नेमन, त्याच्या दारात उभे. ते प्रश्न गृहपाठाचे नव्हतेच. संख्याशास्त्रात तोवर कुणालाही न सुटलेले ते प्रश्न होते. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट फार आवडते. पण मला त्यातली एक बाजू टोचते. "हे कुणाला जमलेलं नाही" असं त्याला आधी सांगितलं असतं, तर त्याने वहीत तरी उतरवून घेतलं असतं का?

युद्ध आलं आणि १९४१ मध्ये डँट्झिग हवाई दलाच्या हिशेबखात्यात नागरी कर्मचारी म्हणून लागला. आपल्याकडे खडकी, देहूरोड, भुसावळ, वरणगाव भागातल्या घरांना हे नवीन नाही. संरक्षण खात्यात नोकरी, पण सैनिक नाही. त्याचं काम काय? किती उड्डाणं झाली, किती बाँब टाकले, किती विमानं परत आली नाहीत, याचे आकडे जमवायचे आणि पुढचे बेत कसे आखायचे ते शिकवायचं. १९४४ मध्ये या कामासाठी त्याला नागरी सेवेचं पदकही मिळालं.

युद्ध संपलं, डॉक्टरेट झाली. बर्कलीने नोकरी देऊ केली, पगार वर्षाला १,४०० डॉलर. घरात विचार झाला, एवढ्यात भागायचं नाही. तो दुसरी नोकरी शोधत होता तेव्हा हिचकॉक आणि मार्शल वुड या दोन सहकाऱ्यांनी त्याला थोपवून धरलं. म्हणाले, आपले बेत आखायला महिनोन्‌महिने लागतात, हे काम यंत्रासारखं भरभर होईल अशी काही रीत काढता येते का बघ.

हे काम किती किचकट, त्याचा एक नमुना. समजा, तुमच्याकडे शिकलेले शंभर वैमानिक आहेत. शंभरही आज विमान उडवू लागले तर आज सगळ्यात जास्त पीठ पोहोचेल. पण नवे वैमानिक शिकवणार कोण? वीस जणांना शिकवायला ठेवलं तर आज पीठ कमी, पुढच्या महिन्यात जास्त. आणि वैमानिक वाढले पण विमानं नसली तर? विमानं घेतली पण धावपट्टी नसली तर? एक आकडा हलवला की दहा आकडे हलतात. डँट्झिग स्वतः एक उदाहरण द्यायचा. सत्तर माणसं आणि सत्तर कामं. कुणाला कोणतं काम द्यायचं, याच्या जोड्या किती प्रकारे लागतील? एकावर शंभर शून्यं लिहा, त्याहूनही जास्त. एकेक तपासत बसलं तर जन्म काय, युगं पुरायची नाहीत.

१९४७ मध्ये त्याला रीत सापडली. सगळे पर्याय तपासायचे नाहीत. एका शक्य असलेल्या बेतापासून निघायचं आणि त्याच्या शेजारचा जरा बरा बेत शोधायचा, मग त्याच्या शेजारचा. जेव्हा शेजारी याहून बरा कुणीच उरत नाही तेव्हा थांबायचं. या रीतीला सिम्प्लेक्स म्हणतात आणि या सगळ्या शास्त्राला लिनिअर प्रोग्रॅमिंग. प्रोग्रॅम म्हणजे इथे कॉम्प्युटरचा नव्हे, लष्करी भाषेत बेताला प्रोग्रॅम म्हणत, तो. आपल्याकडे बारावीच्या गणितात हा धडा आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बर्लिनची विमानं रोज चालवली ती टनरच्या माणसांनी, घड्याळ आणि कारकुनांच्या जोरावर. डँट्झिगची रीत एवढे मोठे हिशेब करू शकेल असं यंत्र तेव्हा नव्हतंच. पेंटागॉनमध्ये मोठा कॉम्प्युटर आला १९५२ मध्ये. पण १९४९ मध्ये वुड आणि डँट्झिग यांनी ही नवी रीत लेख लिहून जगासमोर मांडली, तेव्हा त्यांनी उदाहरण घेतलं ते बर्लिनच्या या एअरलिफ्टचंच.

सिरक्याची गोष्ट

डँट्झिगच्या मते आपण केलेलं मोठं काम कोणतं? नुसती रीत नव्हे. तो म्हणायचा, १९४७ च्या आधी बेत आखणाऱ्यांकडे नियम असायचे, रिवाज असायचे, वरिष्ठांचा अनुभव असायचा. पण "आपल्याला नेमकं काय साधायचं आहे" हे कुणी स्पष्ट लिहीतच नसे. ते आधी लिहा, मग हिशेब करा.

आणि हे लिहिताना चूक झाली तर काय होतं, ते त्याने स्वतःच्या ताटावर अनुभवलं. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं. त्याने ठरवलं, आहार आपल्या रीतीनेच काढू. कॉम्प्युटरला सांगितलं, पोषणाच्या अटी पाळ आणि पोट जास्तीत जास्त भरल्यासारखं वाटेल असं काढ. पोट भरणं म्हणजे पाणी वगळून पदार्थाचं वजन, असं त्याने धरलं. उत्तर आलं: इतर गोष्टींसोबत रोज ५०० गॅलन सिरका प्यावा. म्हणजे जवळजवळ १,९०० लिटर! सिरक्यात पाणी किती, हे कोष्टकात भरलेलंच नव्हतं. सिरका काढून टाकला तर पुढच्या खेपेला रोज २०० सूपच्या वड्या आल्या. त्यांना मर्यादा घातली तर ढीगभर कोंडा. मग उसाची मळी. शेवटी त्याच्या बेगमने, ॲनने, स्वतःच त्याचं पथ्य ठरवलं. वजन उतरलं ते तिच्या पथ्याने.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा मुली खूप हसल्या. पण हसण्यापुरती ती नाही. कॉम्प्युटरने गणित चुकवलं नव्हतं. त्याला जे सांगितलं, ते त्याने चोख केलं. सांगणाऱ्याने "माणूस हे पिऊ शकेल का" ही अट लिहिली नव्हती.

बर्लिनकडे या नजरेने पाहा. १९४५ पर्यंत याच फौजांची विमानं त्याच शहरावर बाँब टाकत होती. तेव्हाही टेबलावर आकडे होते. किती टन, किती उड्डाणं, किती इंधन. तीन वर्षांनी पुन्हा टन, उड्डाणं, इंधन. कागदावरची बेरीज तीच, फक्त पोत्यात आता पीठ होतं. पीठ न्यायचं की बारूद, हे बेरीज सांगत नाही. ते माणसाला ठरवावं लागतं, आणि ठरवल्याची जबाबदारीही त्याचीच. लष्करासाठी टेबलावर बसून बेत आखणारा माणूस गोळी झाडत नाही, म्हणून त्याचे हात आपोआप स्वच्छ राहत नाहीत. आणि तो विमान उडवत नाही, म्हणून वाचलेल्या जिवांत त्याचा वाटा नाही, असंही नाही.

आज हेच शास्त्र विमान कंपन्या, कारखाने, रेल्वे, सगळीकडे आहे. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम भुकेल्या मुलखांत कोणतं धान्य कुठून घ्यायचं आणि कोणत्या वाटेने न्यायचं, हे याच गणिताने ठरवतो. २०२१ मध्ये त्यांना या कामासाठी या क्षेत्रातला एडेलमन पुरस्कार मिळाला. डँट्झिगला मात्र नोबेल मिळालं नाही. १९७५ मध्ये याच विषयाशी जोडलेल्या कामाचं अर्थशास्त्राचं नोबेल कूपमान्स आणि कांतोरोविच या दोघांना गेलं. वहीची तारीफ कमीच होते, हे तिथेही खरं ठरलं. २००५ मध्ये तो वारला.

शेवटच्या बाकावरची मुलगी

आता त्या मुलीकडे येते. पहिल्या सत्रात तिला बीजगणितात चाळीसपैकी नऊ मार्क होते. मी तिची वर्गशिक्षिका. प्रगतिपुस्तकावर मीच शेरा लिहिला होता: "गणितात अत्यंत कमकुवत." सही करायला तिची अम्मी आली तेव्हा म्हणाली, "टीचर, हिचे अब्बा म्हणतात, डोकं चालत नाही तर दहावीची फी कशाला भरायची? घरी डब्यांच्या कामाला मदत करेल." मी त्या दिवशी काय बोलले? काहीच नाही. मान हलवली.

परवा तिने तीन मिनिटांचं उत्तर दिलं तेव्हा तास संपल्यावर मी तिला थांबवलं. विचारलं, इतक्या पटकन कसं काढलंस? म्हणाली, "टीचर, आमच्याकडे रोज पस्तीस डबे जातात. दीड वाजायच्या आत सगळे पोहोचायला हवेत. एका शेगडीवर रोट्या, एकीवर सालन. भाई एका फेरीत बारा डबे नेतो. मी रोज हेच काढते." मग तिने वही दाखवली. पीठ किती, सिलेंडर कोणत्या तारखेला संपेल, कोणत्या दिवशी गोश्त नको म्हणणारे किती. शेवटच्या पानावर एक ओळ होती: "शिंदे काकांना साखर चालत नाही."

मी ती ओळ दोनदा वाचली. डँट्झिगला सिरक्यानंतर जे कळलं, ते या मुलीने आधीच वहीत लिहून ठेवलं होतं. जेवणारा माणूस कोण आहे, ही अट. तिला येत नव्हतं ते एक्स आणि वाय. ते तिच्या डब्यांचीच दुसरी नावं आहेत, हे आम्ही तिला कधी सांगितलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. ती वही तिच्या अब्बांसमोर ठेवली आणि आधी माझा शेरा चुकला हे कबूल केलं. ते बराच वेळ वही चाळत राहिले. शेवटी म्हणाले, "दहावीपर्यंत बघू." एवढंच. गणिताचे सर आता मधल्या सुट्टीत तिला पंधरा मिनिटं देतात. डब्यांची उदाहरणं घेऊन समीकरणं शिकवतात. ती पास होईल की नाही, मला माहीत नाही. बारावीच्या त्या धड्यापर्यंत पोहोचेल की नाही, तेही नाही.

पण वाचकहो, एक विनंती. या महिन्यात तुमच्या घरातलं एखादं मोठं काम निघेल, दावत, प्रवास, दुकानाचा माल, घराची डागडुजी. तेव्हा वही तुमच्या मुलीच्या किंवा मुलाच्या हातात द्या. आधी तिला वर लिहू द्या: आपल्याला काय साधायचं आहे. मग खाली: आपल्याकडे काय आहे. मग त्याखाली: काय चालणार नाही. मध्ये बोलू नका, चुकली तर चुकू द्या. आणि गणितात नापास झालेलं मूल घरात असेल, तर वही आधी त्याच्याच हातात द्या.

आणि काम पार पडलं की तिला मामूंचा प्रश्न विचारा. शेवटच्या पंगतीला पुरलं का?